डाउनरिगरच्या शिशाच्या गोळ्याला होणारा पाण्याचा रोध कसा कमी करावा?

सरोवरकाठ (टोरोंटो परिसर)

नमस्कार. ऑन्टॅरिओ सरोवरात उन्हाळ्यात चिनूक सामन धरण्यासाठी मी डाउनरिगर वापरतो. बोटीच्या मागच्या कडेला बसवलेल्या चरकीवरून पोलादी तारेने शिशाचा गोळा खोल सोडायचा आणि गळाची दोरी त्याच्याजवळच्या चिमट्यात अडकवायची, म्हणजे मासा लागताच दोरी सुटते, अशी ही रचना आहे. माझा गोळा १० पौंडांचा, म्हणजे सुमारे साडेचार किलोंचा आहे. १०० फूट तार सोडून बोट ताशी दीड मैल चालवली, तर गोळ्याची रेषा सोनारच्या (ध्वनिलहरींनी पाण्याखालचे दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर स्पष्ट दिसते. अडीच मैलांवर मात्र ती नाहीशी होते आणि पाण्यात शिरणारी तार उभ्या रेषेशी जवळजवळ २५ अंशांचा कोन करते. या कोनावरून हिशेब केला, तर गोळा १०० ऐवजी ९० फुटांवरच असावा. मासे ज्या थंड थरात असतात तो अरुंद असल्याने हा फरक मला परवडत नाही. टॉर्पेडोच्या, म्हणजे लांबट निमुळत्या, आकाराचे वजन घ्यावे का? ते गोळ्याच्या दुपटीहून महाग आहे.

प्रवाहगणित

आकडे मांडून पाहिल्यास आपला पैसा वाचेल असे वाटते. १० पौंड शिशाच्या गोळ्याचा व्यास साधारण ९ सेंटिमीटर भरतो. गोलाचा रोधगुणांक (आकारामुळे रोध किती होतो हे सांगणारा आकडा) सुमारे ०.४७ धरला, तर ताशी अडीच मैलांना त्याच्यावरचा रोध जेमतेम २०० ग्रॅम वजनाइतका येतो, आणि पाण्यात बुडालेल्या गोळ्याचे वजन मात्र ४.१ किलो असते. म्हणजे एकट्या गोळ्यामुळे तार तीन अंशसुद्धा कलणार नाही. खरा दोष तारेचा आहे. ०.९ मिलिमीटर जाडीची तार दिसायला क्षुल्लक असली, तरी तिची १०० फूट लांबी प्रवाहाला आडवी उभी असते आणि तिच्यावरचा रोध सुमारे पावणेदोन किलोंपर्यंत जातो, म्हणजे गोळ्याच्या आठपटीहून अधिक. बोटीवर तारेचा जो घुमणारा सूर ऐकू येतो, तो तिच्यामागे सेकंदाला अडीचशेच्या आसपास भोवरे सुटत असल्यामुळे येतो, आणि त्या कंपनाने रोध आणखी वाढतो. तेव्हा टॉर्पेडो घेऊन आपण दोनशे ग्रॅमांतले फार तर दीडशे वाचवाल.

आपल्या हिशेबातही एक चूक आहे. तार सरळ नसते, वाकलेली असते. वरच्या टोकाला खालच्या सगळ्या तारेचा रोध पेलावा लागतो, म्हणून तेथे कल सर्वाधिक दिसतो, आणि गोळ्याजवळ ती जवळजवळ उभी असते. वरचा कोन २५ अंश असला, तरी गोळा साधारण ९६ फुटांवर असतो. तो उथळ आलेला नसून सात-आठ मीटर मागे गेला आहे, आणि सोनारचा ध्वनी ज्या वीस अंशांच्या शंकूत खाली पसरतो त्याची त्रिज्या त्या खोलीवर पाच मीटरांच्या थोडी वर असल्यामुळे तो पडद्याबाहेर पडतो.

देवगडकर

आमच्याकडे सुरमईसाठी चालत्या होडीमागे गरी ओढतात, त्यात चरकी नाही की सोनार नाही, पण माझे चुलते जाड तंगूस (नायलॉनची दोरी) पाहिला की वैतागत असत. शिसे वाढवण्याआधी दोरी बारीक करा, असे ते म्हणत. वरच्या आकड्यांनी त्यांचे म्हणणे आज मला कळले. आकार निरुपयोगी आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. गोल वजन ओढताना डावीउजवीकडे हेलकावते आणि वळण घेताना शेजारच्या दोरीत अडकते; मागे शेपटीसारखा पत्रा असलेले वजन नाकासमोर चालते.

सरोवरकाठ

दोघांचेही आभार. मग तार बदलून विणलेली दोरी घालावी का? शिवाय चिमट्यामागे मी मोठा चमकता फ्लॅशर (माशांना खुणावणारी पट्टी) ओढतो, तो या हिशेबात नाही.

प्रवाहगणित

फ्लॅशर मी धरला नव्हता, ही माझी चूक. तो आणि चिमट्यापासून वर येणारी गळाची दोरी हे दोन्ही गोळ्याला मागे खेचतात, म्हणून प्रत्यक्षात गोळा मी सांगितलेल्यापेक्षाही मागे असेल. विणलेल्या दोरीची जाडी तारेपेक्षा पाचव्या हिश्श्याने कमी मिळाली, तर तिच्यावरचा रोधही जवळपास तेवढाच घटेल. मात्र पोलादी तारेसाठी केलेल्या कप्पीत बारीक दोरी चाक आणि बाजूच्या पत्र्यामध्ये चिमटून तुटते, म्हणून कप्पी आधी तपासावी. सगळ्यांत स्वस्त उपाय वजन वाढवण्याचा आहे. गोळ्याचे वजन व्यासाच्या घनाने वाढते आणि रोध वर्गाने, तारेचा रोध तर तेवढाच राहतो. १५ पौंडांचा गोळा लावला, तर मागे जाणे पावणेआठ मीटरांवरून साडेपाचांच्या आत येते. चरकीची मोटर व तिचा आधार तेवढ्या वजनासाठी बनलेला आहे का, एवढे पाहून घ्यावे. शिवाय रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, तेव्हा ताशी तीन मैलांवर गेलात की तो सव्वापटीहून अधिक, जवळजवळ दीडपट होतो.

सरोवरकाठ

शनिवारी १५ पौंडांचा गोळा लावून पाहिला, फ्लॅशर काढून. अडीच मैलांवर पडद्यावर एक पुसट, तुटक रेषा दिसू लागली. वेग किंचित वाढवला की नाहीशी होई. फ्लॅशर पुन्हा लावल्यावर मात्र ती दिसलीच नाही. टॉर्पेडोचा विचार तूर्त सोडला असून कप्पी उघडून पाहणार आहे.