प्रतिसाद: शील्डची पिगटेल आधी काढा

नाशिकच्या अंबडमधल्या कंट्रोल पॅनेलमध्ये काँटॅक्टर (मोठा रिले) सुटला की यूएसबी हँग होतं, आणि केबलची शील्ड (वरची धातूची जाळी) ५ सेंमी वायरने, म्हणजे पिगटेलने, अर्थ स्टडला (अर्थिंगच्या बोल्टला) नेलीय, असं तुम्ही लिहिलंय. दादा, गोम त्या वायरीतच आहे. साध्या वायरीचं इंडक्टन्स ढोबळमानाने मिलिमीटरला १ नॅनोहेन्री. म्हणजे ५० नॅनोहेन्री, आणि १०० मेगाहर्ट्झच्या नॉइजला सुमारे ३१ ओहमचा अडथळा. मल्टीमीटर मात्र शून्यच दाखवणार, तो डीसीवर मोजतो!

यूएसबी कनेक्टर बोर्डाच्या कडेला घ्या. शेलचे (कनेक्टरच्या धातूच्या कवचाचे) चारही टॅब चॅसिस कॉपरच्या (बॉडीला जोडायच्या तांब्याच्या) रुंद पट्ट्यावर सोल्डर करा आणि तो पट्टा शेजारच्याच माउंटिंग होलमधून धातूच्या स्टँडऑफने (बोर्ड उचलून धरणाऱ्या खुंटीने) बॉडीला जोडा. टॅबला थर्मल रिलीफ (पट्ट्याशी सलग न जोडता मोजक्या दांड्यांनी, म्हणजे स्पोकनी, जोडणं) ठेवला नाही तर कॉपर उष्णता ओढून घेतं आणि जॉइंट थंड राहतो. त्यामुळे चार रुंद स्पोक ठेवा, सोल्डरिंगला जाड बिट वापरा. टीव्हीएस डायोड (व्होल्टेजचा झटका ग्राउंडला वळवणारा) कनेक्टरला अगदी चिकटून हवा, त्याचा ग्राउंड व्हाया (बोर्डाचे थर जोडणारं छिद्र) त्याच्याच पॅडशेजारी.

पॅनेल पावडर कोटिंगला देताना कनेक्टरच्या कटआउटभोवतीची आणि स्टँडऑफखालची जागा मास्क करायला सांगा. सातपूर-अंबडचे कोटिंगवाले सांगितलं नाही तर सगळंच रंगवतात (त्यांचा दोष नाही, ड्रॉइंगवर लिहिलेलंच नसतं). रंग म्हणजे इन्सुलेशन. शेल आणि पॅनेलमध्ये स्प्रिंग फिंगरवाली (धातूच्या लवचिक पात्यांची) गॅस्केट घाला.

१ मेगाओहम रेझिस्टर आणि ४.७ नॅनोफॅरड कपॅसिटरची समांतर जोडी शेल आणि सिग्नल ग्राउंडमध्ये चालेल. शेल आणि बॉडीमध्ये मात्र थेट धातूच. काँटॅक्टरच्या कॉइलवर आरसी स्नबर (झटका शमवणारी रेझिस्टर-कपॅसिटर जोडी) आहे का, तेही बघा.