कॉलेजच्या आधीच रेझ्युमे लिहायला लावावा का?

कोराकागद:
भाची यंदा शाळा संपवून कॉलेजात जाईल. परवा म्हटलं, बस, रेझ्युमे लिहू. पाच मिनिटांत तिने लिहिलं, "मेहनती, जिद्दी, सगळ्यांत मिसळणारी." म्हटलं, हे तर मीही लिहीन, आणि माझ्याबाबतीत ते खोटं आहे. मग खोदत बसलो. तेव्हा कळलं, ती दोन वर्षं मधल्या सुट्टीत शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकं देते-घेते. वेळेत परत न आलेल्या पुस्तकांची वही तिने स्वतःहून सुरू केली आणि मागे लागून ६३ पुस्तकं परत मिळवली. "त्यात काय लिहायचं?" म्हणे! अगं, तेच लिहायचं.

माझं मत स्पष्ट आहे: कॉलेजच्या आधी प्रत्येकाने एक रेझ्युमे आणि एक अर्ज लिहून बघावा. लिओनार्दो दा विंचीने साधारण १४८२ साली मिलानचा सत्ताधारी लुदोविको स्फोर्झा याला नोकरीसाठी लिहिलेलं पत्र बघा. पूल, तोफा, वेढा घालायच्या युक्त्या आधी, चित्रकला अगदी शेवटी. समोरच्याला काय हवंय ते ओळखून लिहिलेला अर्ज.

जुनीखोडकी:
लिओनार्दो तेव्हा तिशीचा होता हो, सतरा वर्षांचा नव्हता!

रेझ्युमे हातात दिला की पोरं रकाने भरायला लागतात. माझ्या मुलाला वादविवाद मंडळाचा कंटाळा आला होता, तरी आणखी एक वर्ष रेटलं. का, तर "एकच वर्ष बरं दिसत नाही". १९०८ साली बोस्टनमध्ये फ्रँक पार्सन्सने व्यवसाय-मार्गदर्शनाचं कार्यालय काढलं. त्याचं सांगणं होतं, स्वतःला ओळखा, कामं ओळखा, मग दोन्हींचा मेळ घाला. तुमचा रेझ्युमे पहिल्या पायरीवरच बसून राहतो.

कोराकागद:
कामं ओळखायला कल चाचण्या आहेत की. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंडने १९५९ पासून मांडलेले आवडी-स्वभावाचे सहा गट अजून वापरतात.

जुनीखोडकी:
दिली ना मुलाने चाचणी. "सामाजिक" गटातला निघाला. पुढे यादी: शिक्षक, नर्स, समुपदेशक. पण नर्सच्या रात्रपाळीत पहाटे चार वाजता काय चाललेलं असतं, ते कुठली चाचणी सांगते?

चाळणी:
अर्ज वाचणं हेच माझं काम, म्हणून मध्ये पडते. नवख्यांच्या अर्जात "जिद्दी" मी वाचतसुद्धा नाही, नजर पुढे जाते. "६३ पुस्तकं" वर थांबले असते आणि मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच विचारला असता. नक्षीदार, दोन रकान्यांचे नमुने मात्र टाळा. पुष्कळ ठिकाणी अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि त्याला कधीकधी त्यातला मजकूर नीट उचलता येत नाही. साधं पान, एक पान.

सतराव्या वर्षी हे शिकून नुकसान काय, ते मला कळलेलं नाही.

शेवटचाबाक:
जुनीखोडकींना +१. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटरने नोकरी बदललेल्यांना विचारलं होतं, ज्याच्याकडून नोकरीचं कळलं तो माणूस तेव्हा किती वेळा भेटायचा? ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी जेमतेम १७ टक्क्यांचं उत्तर होतं, वरचेवर. बाकीच्यांची गाठभेट कधीमधी किंवा क्वचितच. त्याचा यावरचा गाजलेला लेख १९७३ चा. तेव्हा पोरांना रेझ्युमेपुढे बसवण्यापेक्षा आईच्या मैत्रिणीच्या दिराकडे पाठवा. "तुमचं काम कसं असतं?" असं विचारलं तर भाषण मिळतं. "काल सकाळपासून काय काय केलंत?" असं विचारायचं.

कोराकागद (चार दिवसांनी):
ऐकलं तुमचं. भाचीला प्राण्यांचा डॉक्टर व्हायचंय. ओळखीच्या ओळखीतल्या एका दवाखान्यात अर्धा दिवस बसून आली. आल्या आल्या म्हणाली, "मामा, कुत्री गप्प असतात, मालकच रडतात. डॉक्टर सगळा वेळ त्यांच्याशीच बोलत होत्या." डॉक्टर अजूनही व्हायचंय म्हणते. रेझ्युमेतली "प्राण्यांची आवड" ही ओळ मात्र तिने स्वतःच खोडली. तिथे आता लिहिलंय, पुस्तकं न परतवणाऱ्यांशी न भांडता ती परत कशी मिळवली.

जुनीखोडकी, रेझ्युमे तरीही आधी लिहिला होता, हे लक्षात घ्या!

जुनीखोडकी:
आणि खोडला दवाखान्यातून आल्यावर.