'हॅश व्हॅल्यू' आणि 'नोन फाईल'ला मराठीत काय म्हणता?

एका वकिलांसाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं प्रमाणपत्र मराठीत करतेय. कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला, त्याच्या नमुन्यातच हॅश, म्हणजे फाईलवरून गणितानं काढलेली अक्षर-आकड्यांची ओळ, लिहायची जागा आहे, ती काढायच्या शा-१, शा-२५६, एमडी५ या पद्धतींपैकी काय वापरलं त्यावर टिक करायची. आधीच्या भाषांतरकारानं 'हॅश किंमत' लिहिलंय. शाळेत 'क्षची किंमत काढा' म्हणायचोच, त्यामुळे चूक म्हणवत नाही, पण अशिलानं ते वाचून विचारलं की ही किंमत नक्की कोणी भरायची!

— 'हॅश'च्या मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ बारीक चिरणे, म्हणजे आपला खिमा. खिम्यावरून बोकड परत उभा करता येत नाही तसंच हॅशवरून फाईल परत मिळत नाही. आणि बोकड केवढाही असो, वाटी तेवढीच: फाईल एक केबीची असो नाहीतर चार जीबीची, शा-२५६ कायम ६४ अक्षरांचा. कोर्टात 'खिमा मूल्य' चालणार नाही हे मान्य.

— साधं 'ठसा' म्हणा ना. फाईलचं नाव बदललं तरी ठसा तोच राहतो. रिकामी फाईल सेव्ह करून एमडी५ काढा, कुठल्याही कॉम्प्युटरवर डी४१डी८सीडी९ असाच सुरू होणार, मग आत नुसती एक स्पेस टाकून परत काढा, अख्खा बदलतो.

— 'ठसा' छान आहे पण जपून. २०१७ मध्ये गूगल आणि ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेनं दोन वेगळ्या पीडीएफचा शा-१ एकच काढून दाखवला, एमडी५चं बिंग तर २००४ मध्येच फुटलं होतं. बोटाच्या ठशावर लोकांचा जेवढा विश्वास असतो तेवढा या जुन्या दोघांवर टाकू नये, शा-२५६चं अजून तरी असं काही झालेलं नाही.

पटलं. पण खरी अडचण 'नोन'ची आहे. सोबतच्या तपासणी अहवालात 'एनएसआरएलमधल्या नोन फाइल्स वगळल्या' असं वाक्य आहे. ही अमेरिकेतल्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेची लायब्ररी, सॉफ्टवेअर जमवतात, त्यातल्या एकेका फाईलचे हॅश काढतात आणि यादी फुकट देतात. जप्त केलेल्या लॅपटॉपवर लाखभर फाइल्स असतात, त्यातल्या विंडोजच्या नि ऑफिसच्या या यादीशी जुळवून बाजूला काढल्या की माणसानं स्वतः केलेल्या तेवढ्या बघायला उरतात. कच्च्या भाषांतरात 'सुरक्षित फाइल्स' झालंय.

— अजिबात नको! त्या यादीत हॅकिंगची टूल्सपण आहेत. हे सॉफ्टवेअर कुठलं एवढंच ती सांगते, चांगलं की वाईट ते नाही. 'रेकॉर्डवरची फाईल' कसं वाटतं?

— 'रेकॉर्डवरचा' म्हटलं की मराठी माणसाला पाकीटमारच दिसतो. म्हणजे 'सुरक्षित'च्या बरोब्बर उलट टोक.

— 'ओळखीची'?

'ओळखीची' म्हटलं की वशिल्याची वाटते, आणि 'ज्ञात' कोण बोलतं? 'यादीत नोंद असलेल्या फाइल्स' करतेय, लांबलं तरी चालेल, त्यात बरंवाईट काही येत नाही. 'हॅश व्हॅल्यू' मात्र तशीच ठेवतेय, पंचनाम्यातही तेच लिहितात, फक्त पहिल्यांदा येईल तिथे 'म्हणजे फाईलचा गणिती ठसा' एवढं जोडते. खिम्याबद्दल आभार, पण वकीलसाहेब माळकरी आहेत.