कॅशियर्स चेक खात्यात दिसतोय, गाडी देऊ का?

नीलिमा, शुक्रवार, रात्री 10.52

मंडळी,

28 तारखेला आम्ही न्यू जर्सीहून कायमचे नाशिकला परत निघालोय, हे बहुतेकांना ठाऊक आहे. व्हॅनची जाहिरात 14,500 डॉलरला टाकली होती. एक गिऱ्हाईक लागलं. बोलणं सगळं मेसेजवर. जहाजावर नोकरी आहे, गाडी बघायला येता येणार नाही, फोटो बघूनच पसंत आहे म्हणतो. काल कुरिअरने कॅशियर्स चेक, म्हणजे बँक स्वतःच्या जबाबदारीवर काढून देते तो चेक, आला तो 16,800 चा. वरचे 2,300 गाडी न्यायला येणाऱ्या ट्रकवाल्याला आम्ही झेलने (बँकेच्या ॲपमधून लगेच पैसे पाठवायची सोय) द्यायचे. चेक कालच काउंटरवर भरला आणि आज सगळी रक्कम खात्यात 'उपलब्ध' दिसतेय. ट्रक उद्या सकाळी दहाला येणार, पण त्याला पैसे आज रात्रीच हवेत.

ह्यांचं म्हणणं, पैसे आलेत ना, मग आता कसला विचार? मला मात्र खटकतंय. जुनी गाडी घेताना एक डॉलरचीही घासाघीस न करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

चेकचा फोटो जोडलाय.

वसंतकाका, शुक्रवार, रात्री 11.31

नीलिमा, झेल करू नकोस. ट्रकवाल्याला दारात उभं करू नकोस. हे आधी ह्यांना सांग आणि मग पुढचं वाच.

खात्यात दिसतात ते पैसे त्या जहाजवाल्याचे नाहीत. तुझ्या बँकेने ते तुला उसने दिलेत. 1987 च्या कायद्याप्रमाणे कॅशियर्स चेक काउंटरवर स्वतः भरला की बँकेला ती रक्कम साधारण पुढच्या कामाच्या दिवशी मोकळी करावी लागते. चेक खरा की खोटा हे तोवर कुणीही बघितलेलं नसतं. तो ज्या बँकेच्या नावावर आहे तिथे पोचतो, ते म्हणतात हा आमचा नाहीच, आणि मग उलटा प्रवास. कधी चार दिवस, कधी दोन-तीन आठवडे. परत आला की बँक पूर्ण 16,800 तुझ्या खात्यातून काढून घेणार. तू झेल केलेले 2,300 मात्र अस्सल, तुझ्या पगाराचे. ते गेले ते गेले. गाडी न्यायला कदाचित कुणी येणारही नाही, त्याला गाडी नकोच आहे.

आता फोटो. चेकवर बँक ओहायोची आहे. खाली डावीकडे बँक ओळखायचा नऊ आकडी राउटिंग नंबर असतो, त्याचे पहिले दोन आकडे फेडरल रिझर्व्हचा, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेचा, विभाग दाखवतात. ओहायो म्हणजे क्लीव्हलंड, 04. तुझ्या चेकवर 11 आहे, म्हणजे डॅलस, टेक्सास. हल्ली बँका एकमेकींत विलीन होतात, त्यामुळे एवढ्यावरून निकाल देता येत नाही, पण मी अजून बँकेत काउंटरवर असतो तर तिथेच थांबलो असतो. आणि चेकवर छापलेल्या नंबरला फोन करून खात्री करू नकोस, पलीकडे तोच फोन उचलेल. बँकेचा नंबर स्वतः शोधून काढ, सोमवारी त्यांना चेक नंबर आणि रक्कम विचार. उद्या सकाळी आधी आपल्या बँकेत जाऊन सांग की हा चेक संशयास्पद आहे, त्या पैशांना हात लावणार नाही.

शैलेश, शनिवार, सकाळी 8.05

काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त माझी फजिती जोडतो. इतके दिवस घरातही पूर्ण सांगितली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी कॅमेऱ्याची लेन्स विकत होतो, 900 डॉलर. झेलने पैसे पाठवल्याचा ईमेल आला, लोगोबिगो सगळं ठाकठीक. खाली लिहिलेलं, तुमचं खातं 'बिझनेस' नाही म्हणून रक्कम अडकली आहे, खरेदीदाराने 300 डॉलर जादा भरलेत, ते त्याला परत केलेत की 1,200 जमा होतील. मी केले. बँकेचं ॲप उघडून बघायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसतं. पण तो माणूस सारखा लिहीत होता, 'सर, माझे पैसे अडकलेत, बायको ओरडतेय'. मला त्याचीच दया आली! बँकेने हात वर केले. तुम्ही स्वतः पाठवलेत म्हणाले.

त्याआधी एकाने 'तुम्ही खरे विक्रेते आहात का बघतो, आलेला सहा आकडी कोड सांगा' असंही विचारलं होतं. तो कोड गूगल व्हॉइसचा, म्हणजे गूगलच्या इंटरनेटवरच्या फोन नंबराचा. सांगितला असता तर माझ्या फोन नंबरावर त्याचा नवा नंबर निघाला असता, पुढच्या फसवणुकीसाठी.

नीलिमा, व्हॅन रोखीनेच वीक. फक्त दहा हजारांच्या वर एकदम भरू नकोस, बँक सरकारला कळवते. सात-सात हजार करून दोन दिवसांत भर.

वसंतकाका, शनिवार, सकाळी 8.40

शैलेश, बाकी सगळं शंभर टक्के, शेवटचं वाक्य मागे घे. दहा हजारांवर रोख भरली की बँक एक अहवाल पाठवते, तो रोजचा कारकुनी कागद आहे, त्यात काहीही गुन्हा नाही. तो टाळायला रकमेचे तुकडे करणं हा मात्र स्वतंत्र गुन्हा आहे, पैसे कितीही स्वच्छ असले तरी. नीलिमा, सगळी रक्कम एकदम भर.

आणि रोख घरी मोजत बसू नकोस. घेणाऱ्याला तुझ्या बँकेत बोलव, पैसे थेट काउंटरवर जाऊ देत. मशीन मोजते, खोटी नोट तिथेच बाजूला पडते. खोटी नोट ओळखायला दुकानात नोटेवर ओढतात त्या पेनवर विसंबू नये, ते फक्त कागद ओळखतं. 2013 नंतरच्या शंभराच्या नोटेत निळी पट्टी विणलेली असते, नोट हलवली की पट्टीतल्या घंटांचे 100 होतात. ते बघ. त्याला चेकच द्यायचा असेल तर त्याच्या बँकेत जा, तुझ्यासमोर काउंटरवर बनवून घ्यायचा. टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, सही सगळ्यात शेवटी. न्यू जर्सीत नंबर प्लेट गाडीबरोबर जात नाही, ती काढून एमव्हीसीत (वाहन नोंदणीच्या सरकारी कचेरीत) जमा करायची आणि पावती हातात आल्यावरच विमा बंद करायचा.

आपल्या लोकांची अडचण वेगळीच असते. समोरच्यासमोर पैसे मोजायचे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. मी काउंटरवर सव्वीस वर्षं काढली. मोजले म्हणून रागावलेलं गिऱ्हाईक एकही आठवत नाही.

मेधा, शनिवार, सकाळी 11.15

तिकडे गेल्यावर सुटका झाली असं समजू नकोस गं! पुण्यात माझ्या भावाने जुना सोफा विकायला काढला तर 'लष्करात आहे, बदली झालीय' असं सांगणाऱ्याचा फोन. पैसे पाठवतो म्हणाला आणि क्यूआर कोड पाठवला, 'स्कॅन करा, पिन टाका, जमा होतील'. भाऊ पिन टाकणार तेवढ्यात वहिनी ओरडली. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागतच नाही, पिन टाकला म्हणजे पैसे आपण देतोय. नाशिकला सासऱ्यांना सांगून ठेव, आणि तिकडचा फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 नंबर त्यांच्या फोनमध्ये घालून दे.

नीलिमा, पुढच्या गुरुवारी, संध्याकाळी 6.20

चेक खोटा निघाला. मंगळवारी परत आला, रक्कम वजा झाली. आम्ही तिला हात लावला नव्हता म्हणून चेक परत आल्याच्या शुल्कावर निभावलं. जहाजवाल्याने शनिवारी दिवसभरात सतरा मेसेज केले, शेवटच्यात पोलिसांत देतो म्हणाला. एफटीसीच्या (फसवणुकीच्या तक्रारी घेणारं इथलं सरकारी खातं) साइटवर तक्रार नोंदवली.

व्हॅन आज गेली, 13,900 ला. एक बाई आणि तिचा मेकॅनिक दीर आले. दिराने खाली झोपून गाडी तपासली, टायरवरून चारशे कमी करा म्हणाला, नंतर आणखी दोनशे. इतकं बरं वाटलं की काय सांगू! बँकेत गेलो, बाईने पाकीट थेट काउंटरवर सरकवलं, मशीन फडफडलं, माझं ओळखपत्र घेतलं, नोकरी काय विचारलं, पाच मिनिटांत झालं. मग पार्किंगमध्ये टायटलवर सही केली आणि ह्यांनी स्क्रूड्रायव्हरने प्लेटी काढल्या.

शैलेश, लेन्सचं घरात सांगून टाक, तुझी बायको ह्या लिस्टवर आहे.

वेट ग्राइंडर अजून शिल्लक आहे, 40 डॉलर. घासाघीस करायला हरकत नाही.