२०२०चा लॉकडाउन आणि पार्किन्सन्स (कंपवात) : वाडीवरची देखभाल कशी बदलायची?

शेजवली : गुहागर तालुक्यातल्या वाड्यांवरचा आमचा पार्किन्सन्स व्यायामगट मार्चपासून बंद आहे. एसटी नाही, न्यूरोलॉजिस्ट पुण्या-मुंबईला आणि व्हिडिओ कॉल टिकेल एवढी रेंजही नाही. आठवड्याला घरटी एकच फेरी जमेल. त्या फेरीत काय उरकायचं आणि फोनवर काय ठेवायचं?

केमिस्टदादा : ताई, आधी पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाच्या, लेव्होडोपा-कार्बिडोपाच्या गोळ्या मोजा. महिन्याचा साठा घरात हवाच. गोळी अचानक बंद पडली तर अंग लाकडासारखं ताठतं, ताप चढतो, भान जातं; जिवावर बेततं. सध्या असा ताप कोविडच्याच खात्यात जाईल, म्हणून जास्त भीती. ब्रँड बदलून मिळाला तर लेव्होडोपा आणि कार्बिडोपा, दोन्हींचे मिलिग्रॅमचे आकडे जुळवा. १००/१० आणि १००/२५ एक नव्हेत. गोळी जेवणाआधी अर्धा तास. मासे बंद करू नका, फक्त गोळीसोबत नकोत. प्रथिनांमुळे ती नीट लागू होत नाही.

फाइलवर गोळ्यांच्या वेळा ठळक लिहा, दवाखान्यात भरती झालं तरी त्या चुकायला नकोत. खाली लिहा : मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन (उलटीवरची), हॅलोपेरिडॉल (भ्रमावरचं) नको; यांनी पार्किन्सन्स वाढतो. पार्किन्सन्सचंच रासाजिलिन किंवा सेलेजिलिन चालू असेल तर डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं खोकल्याचं औषधही नको.

फिजिओ_दापोली : व्हिडिओ कॉलचा नाद सोडा, क्लिप काढा, रेंज मिळेल तेव्हा जाईल. एक गोळीआधी, एक गोळीनंतर तासाने. दोन्हींत तेच : हाताची घडी घालून खुर्चीतून उठणं, पाच-सहा मीटर चालून वळणं, अंगठ्यावर तर्जनी १० वेळा आपटणं. लुंगी-साडी घोट्याच्या वर घ्यायला सांगा. पावलं दिसली नाहीत तर चालताना पाय कुठे जागीच खिळतो ते डॉक्टरांना कळणार कसं?

बीपी ५ मिनिटं आडवं ठेवून घ्या, मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना कळवा. ऑक्सिमीटर कमी थरथरणाऱ्या हाताला, हात मांडीवर टेकवून. आकडा स्थिरावल्याशिवाय लिहू नका.

जांभा : पाऊस लागलाय, जांभ्याच्या पायऱ्यांवरचं शेवाळ आधी घासून काढा. पाय खिळतो त्या दारापुढे आडव्या रंगीत चिकटपट्ट्या मारा, साधारण ४० सेंमीवर; पट्टी ओलांडायची म्हटलं की पाऊल सुटतं. माणसाचं पाऊल बघून कमी-जास्त करा. सारवलेल्या जमिनीवर पट्टी धरत नाही, तिथे चुन्याची रेघ.

शेजवली : ओल्या पायांनी चुना पुसणार ना?

जांभा : पुसतोच. तुमच्या फेरीला पुन्हा ओढा, आणि मधल्या दिवसांसाठी घरच्यांना चुना देऊन ठेवा.