एरिक हार्टमानचे ३५२ विमानं पाडल्याचे आकडे खरे का?

ओझरकर: आमच्याकडे ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यामुळे लहानपणापासून डोक्यावरून मिग, सुखोई जाताना बघतोय, त्यामुळे फायटर पायलट म्हटलं की जीव अडकतो. ह्या जर्मन पायलट हार्टमानने दुसऱ्या महायुद्धात एकट्याने ३५२ विमानं पाडली म्हणतात, हे शक्य तरी आहे का?

पंचवटीवाला: दादा, ३५२ हा जर्मन नोंदीतला आकडा आहे, लढाईच्या धामधुमीत सगळ्याच देशांचे दावे थोडे फुगायचे. पण मूळ कारण वेगळंय. अमेरिकन पायलट ठराविक ड्युटी झाली की घरी जायचा, जर्मन पायलट मात्र मरेपर्यंत नाहीतर पकडला जाईपर्यंत उडायचा. हार्टमान ऑक्टोबर १९४२ ला रशियन आघाडीवर आला तेव्हा वय फक्त २० आणि मे १९४५ पर्यंत त्याने १४०० च्या वर उड्डाणं केली, मेसरश्मिट १०९ ह्या जर्मन फायटर विमानातून. लांबून गोळ्या वाया घालवायचा नाही, समोरचं विमान काचेत मावेनासं होईपर्यंत जवळ जायचा, मारायचा आणि लगेच निघून जायचा. म्हणून तर पाडलेल्या विमानाचे तुकडे लागून त्यालाच बऱ्याचदा विमान कसंबसं उतरवावं लागलं.

सिडकोकर: पुढचं पण वाचा भाऊ. शरण गेला अमेरिकनांना, त्यांनी दिला सोव्हिएतांच्या ताब्यात, सुटला थेट १९५५ ला. कौशल्य मला मान्यच आहे पण तो हिटलरच्या बाजूने लढला हे मी विसरू शकत नाही.

ओझरकर: पटलं, उड्डाणांचा हिशोब डोक्यातच नव्हता आला. धन्यवाद दोघांना.