मदत हवी आहे: दुसऱ्या वर्षी ग्राहक सीआरएम का सोडतात?

पुण्यात आम्ही चौघे लहान वितरकांसाठी सीआरएम, म्हणजे ग्राहक, भेटी आणि ऑर्डरींच्या नोंदी ठेवणारं विक्रीचं सॉफ्टवेअर, चालवतो. वार्षिक वर्गणी, 23 ग्राहक. यंदा मार्चमध्ये 9 जणांनी रिन्यू केलं नाही.

सवलत दिली, ट्रेनिंग पुन्हा घेतलं, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी जोडूनही दिलं. फरक शून्य. लॉगिन तपासले तर मालक रोज उघडतो, सेल्समन मात्र दुकानांच्या महिनाभराच्या भेटी 30 तारखेला एकदमच भरतात. खरी ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवरच. त्यांच्या लेखी हा निव्वळ हजेरीपट! (चूक त्यांची नाहीच म्हणा.)

दर आणखी उतरवणं परवडत नाही, डेव्हलपर एकच. मग सेल्समनच्या मोबाइलवर आधी काय द्यावं: दुकानदाराची थकबाकी की मागची ऑर्डर? आणि ग्राहक सुटणार हे तुम्ही कोणत्या खुणेवरून, किती महिने आधी ओळखता?